किल्ली कपाटातच राहिली!

सबमिशनच्या आदल्या आठवड्यात हॉस्टेलवर दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक प्रिंटरचा, आणि दुसरा म्हणजे "सर, जरा बघता का, लॅपटॉप चालूच होत नाहीये!" मी लॅबमध्ये आहे हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे हा दुसरा आवाज रात्री-अपरात्री माझ्या दारावर येतो. गेल्या एप्रिलमध्ये असाच एक जण आला. फायनल इयरचा, ओवे गावात तीन मित्रांबरोबर भाड्याच्या खोलीत राहणारा. अपडेट चालू असताना स्क्रीन बराच वेळ काळी दिसली म्हणून पठ्ठ्याने पॉवरचं बटण दाबून धरलं. त्यानंतर विंडोज सुरू व्हायचं नाव घेईना. ब्लॅक बुकचं शेवटचं प्रकरण, तीन महिन्यांची रीडिंग्ज, प्रोजेक्टचा कोड, सगळं त्याच लॅपटॉपमध्ये. दुसरीकडे कॉपी? "सर, करणारच होतो..."

त्याने मित्राकडून विंडोज ११ चा पेनड्राईव्ह आणला. सेटअप सुरू झाला, भाषा विचारली, पुढे गेला आणि म्हणाला की कुठलाही ड्राईव्ह सापडत नाही. स्वारी मेट्रो पकडून बेलापूरला एका दुकानात गेली. तिथे दुकानातला पेनड्राईव्ह लावला. मेसेज तोच. निदान झालं : "एसएसडी गेली. नवीन टाकावी लागेल, डेटा विसरा." पैसे द्यायच्या आधी एकदा विचारावं म्हणून तो माझ्याकडे आला, हे नशीब त्याचं.

एसएसडी गेली नव्हती. ती जागच्या जागी ठणठणीत होती. फक्त त्या पेनड्राईव्हला तिच्याशी बोलता येत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, लॅपटॉपला पेनड्राईव्ह वाचता येतो, सेटअप रंगीत स्क्रीनसकट चालू होतो, मग डिस्क तेवढी का दिसत नाही? मित्रांनो, इथेच सगळी गंमत आहे. मशीन चालू झाल्या झाल्या राज्य असतं बायोसचं, आजच्या भाषेत यूईएफआयचं. पेनड्राईव्हवरून पहिल्या काही फाइली मेमरीत आणून टाकण्यापुरतं वाचन बायोस स्वतःच्या कोडने करून देतं. पण ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल एकदा उठून बसला की तो बायोसला म्हणतो, आभारी आहे, आता माझं मी बघतो. तिथून पुढे प्रत्येक यंत्राशी बोलायला त्याचा स्वतःचा दुभाषा लागतो. हा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. कीबोर्डचा वेगळा, वायफायचा वेगळा, डिस्क ज्या कंट्रोलरला जोडलेली आहे त्याचा वेगळा. तुमच्या नेहमीच्या विंडोजमध्ये तो ड्रायव्हर असतो, पण तो असतो त्या डिस्कवर. पेनड्राईव्हवरून उठलेल्या सेटअपकडे फक्त मायक्रोसॉफ्टने त्यात भरून दिलेले दुभाषे असतात. तुमच्या लॅपटॉपचा कंट्रोलर त्या यादीत नसेल, तर डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर आहे डिस्कवर. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखं!

हा प्रकार आजचा नाही. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आली. तिच्या सीडीत एएचसीआय पद्धतीने चालणाऱ्या साटा कंट्रोलरचे ड्रायव्हर नव्हते. पुढे सगळीकडे साटा डिस्क आल्या आणि एक्सपीचा सेटअप निळ्या पडद्यावर सांगू लागला की या संगणकात हार्ड डिस्कच नाही. कधी थेट तो कुप्रसिद्ध निळा एरर यायचा, शेवटी सेव्हन-बी असलेला. बूट करायची डिस्कच हाती लागत नाही, असा त्याचा अर्थ. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत हा सेव्हन-बी मी इतक्यांदा पाहिला की स्वप्नातही यायचा.

उपाय मायक्रोसॉफ्टने दिला होता, पण कसा? सेटअप सुरू होताना पडद्याच्या तळाशी दोन-चार सेकंद एक ओळ यायची : वेगळा ड्रायव्हर द्यायचा असेल तर एफ-सिक्स दाबा. आणि तो ड्रायव्हर द्यायचा फ्लॉपीवर! १.४४ एमबीची फ्लॉपी, तीही ए ड्राईव्हमध्येच. तोपर्यंत नव्या मशीनमधून फ्लॉपी ड्राईव्ह गायब झालेला. आमच्याकडे स्टोअरमध्ये एक जुना फ्लॉपी ड्राईव्ह केबलसकट जपून ठेवलेला होता. नवी मशीन आली की कॅबिनेट उघडायचं, तो ड्राईव्ह लोंबकळत जोडायचा, आणि बुरशी न लागलेली फ्लॉपी शोधायची. पावसाळ्यात हे शेवटचं काम सगळ्यात अवघड.

दुसरा रस्ता होता चोरवाटेचा. बायोसमध्ये जाऊन साटा मोड आयडीई करायचा. मग डिस्क जुन्या पद्धतीने दिसायची, एक्सपी खूश. पुढे कुणीतरी "परफॉर्मन्स" वाढवायला तो परत एएचसीआय करायचा, की आला सेव्हन-बी! लॅबच्या बायोसला पासवर्ड का असतो, हे आता कळलं असेल.

तिसरा, खरा रस्ता एन-लाईट नावाच्या फुकट प्रोग्रॅमने दाखवला. एक्सपीची सीडी हार्ड डिस्कवर उतरवायची, ड्रायव्हरची इन्फ फाइल त्याला द्यायची, नवी आयएसओ करून सीडी जाळायची. त्यात एक मेख होती. ड्रायव्हर "टेक्स्ट मोड" म्हणून घालायचा की साधा, असं तो विचारायचा. साधा निवडला की सीडी अगदी छान तयार व्हायची आणि डिस्क तरीही दिसायची नाही. कारण सेटअपच्या पहिल्या निळ्या टप्प्याला टेक्स्ट मोडचाच ड्रायव्हर लागतो. हे समजेपर्यंत माझ्या सहा सीड्यांचे चहाच्या कपाखालचे कोस्टर झाले. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. कोस्टर त्यानंतरही बरीच वर्षं टिकले.

विंडोज ७ आली ऑक्टोबर २००९ मध्ये. तिला साटा छान कळायचं, पण यूएसबी ३.० चा ड्रायव्हर तिच्याकडे नव्हता. सुरुवातीला फरक पडला नाही, कारण मदरबोर्डवर जुन्या यूएसबीचा कंट्रोलरही असायचा. २०१५ मध्ये इंटेलने स्कायलेक प्रोसेसर आणले आणि त्यांच्याबरोबरच्या चिपसेटमधून तो जुना कंट्रोलर काढून टाकला. झालं! सेटअप सुरू व्हायचा, पण माऊस हलेना, कीबोर्ड चालेना. वर मेसेज यायचा की सीडी-डीव्हीडी ड्राईव्हचा ड्रायव्हर सापडत नाही. मुळात सीडीचा इथे संबंधच नाही. ज्या पेनड्राईव्हवरून सेटअप उठला तोच पेनड्राईव्ह त्याला पुढे दिसत नव्हता! अशा मेसेजमुळे कित्येकांनी चांगले डीव्हीडी ड्राईव्ह बदलले असतील.

त्या वेळी मी एक चूक केली, ती सांगतो, कारण ती आजही करता येते. विंडोजच्या इन्स्टॉलेशनमध्ये दोन मोठ्या फाइली असतात, दोन्ही सोर्सेस नावाच्या फोल्डरमध्ये. बूट डॉट विम ही सेटअप स्वतः ज्यावर चालतो ती छोटी विंडोज, आणि इन्स्टॉल डॉट विम ही डिस्कवर उतरणारी मोठी विंडोज. मी यूएसबीचा ड्रायव्हर फक्त बूट विममध्ये घातला. सेटअप लोण्यासारखा चालला, कीबोर्ड चालला, फाइली कॉपी झाल्या, मशीन रीस्टार्ट झालं आणि "तुमचं नाव टाइप करा" या पानावर कीबोर्ड पुन्हा मेला! नव्या विंडोजला तो ड्रायव्हर कुणी दिलाच नव्हता. भंगारातून गोल पिनचा पीएस-टू कीबोर्ड काढला आणि वेळ मारून नेली.

असो. आता त्या मुलाच्या लॅपटॉपकडे येऊ.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी नावाचा प्रकार चालू ठेवलेला असतो. एसएसडी थेट सिस्टिमला न दिसता या व्हीएमडी कंट्रोलरच्या मागे बसते. साध्या एनव्हीएमई एसएसडीचा ड्रायव्हर विंडोजकडे आहे, पण पडद्यामागे बसलेली एसएसडी त्याला दिसणार कशी? त्यासाठी इंटेलच्या रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर लागतो. कंपनीने लॅपटॉप विकताना तो घातलेला असतो. मित्राच्या पेनड्राईव्हमध्ये तो नसतो. एएमडीच्या लॅपटॉपवाल्यांना हा त्रास सहसा नाही, त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

सगळ्यात आधी मी उबुंटूचा लाईव्ह पेनड्राईव्ह लावला. डिस्क मेली की नुसती दिसत नाही, हे ओळखायची सगळ्यात स्वस्त परीक्षा ही. लिनक्सच्या कर्नलमध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हर आधीपासून असतो. डिस्क दिसली, पूर्ण मापाची. मुलाच्या चेहऱ्यावर रंग आला. (लिनक्स मात्र या दुखण्यातून पूर्ण सुटलेलं आहे असं समजू नका. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये वायफायची बरीचशी फर्मवेअर नसायची, ती वेगळी आणून द्यावी लागे. जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून ती आत आली. सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवरच बेतलेलं आहे.)

मग लॅबच्या मशीनवरून त्याच्या लॅपटॉपच्या कंपनीच्या साईटवर गेलो, मॉडेल नंबर टाकला आणि रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवला. इथे एक अडचण येते. तो बहुतेक वेळा ईएक्सई फाइल म्हणून मिळतो. सेटअपला ईएक्सई कळत नाही. त्याला आतल्या सुट्या फाइली लागतात : इन्फ, सिस आणि कॅट. इंटेलच्या साईटवरचा सेटअप-आरएसटी हा ईएक्सई कमांड प्रॉम्प्टवर "एक्स्ट्रॅक्ट-ड्रायव्हर्स" हा स्विच देऊन चालवला की इन्स्टॉल न होता फाइली फोल्डरमध्ये काढून देतो. ते फोल्डर पेनड्राईव्हवर टाकलं.

सेटअपमध्ये "लोड ड्रायव्हर" असं बटण असतं. ते दाबून फोल्डर दाखवलं की डिस्क दिसते. पण आम्हाला विंडोज नव्याने टाकायची नव्हती, आधी ब्लॅक बुक बाहेर काढायचं होतं. म्हणून सेटअपच्या पहिल्याच पानावर शिफ्ट आणि एफ-टेन दाबलं. काळी कमांडची खिडकी उघडते. तिथे डीआरव्ही-लोड ही कमांड आणि पुढे इन्फ फाइलचा पत्ता द्यायचा. पेनड्राईव्हचं अक्षर तिथे वेगळंच असू शकतं, डिस्कपार्टमध्ये लिस्ट व्हॉल्यूम म्हटलं की कळतं. यशस्वी झाल्याचा एका ओळीचा मेसेज आला, पुन्हा लिस्ट व्हॉल्यूम केलं, आणि ४७६ जीबीची एसएसडी हजर!

"सर, दिसली!" तो ओरडला. शेजारच्या खोलीतले दोघे जागे होऊन आले.

पण आनंद पाचच मिनिटं टिकला. डिस्क कुलूपबंद होती. आजकाल बऱ्याच नव्या लॅपटॉपांत बिटलॉकरचं एन्क्रिप्शन आपल्या नकळत चालू झालेलं असतं. उघडायला ४८ अंकी रिकव्हरी की लागते, सहा-सहा अंकांचे आठ गट. ती ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्यात ठेवलेली असते. "कुठलं अकाउंट रे?" तर घरी लॅपटॉप आला तेव्हा मोठ्या भावाने स्वतःचं टाकलेलं. रात्री पावणेबाराला सांगलीला फोन. "दादा, झोपलास का?... अरे, तुझा तो जुना मेल आहे ना..." पलीकडून काय काय ऐकावं लागलं ते इथे छापण्यासारखं नाही. पण दादाने उठून की शोधली आणि आठही गट वाचून दाखवले. कुलूप उघडलं. त्याच खिडकीत नोटपॅड सुरू करून, त्याच्या फाइल-ओपनच्या चौकटीतून आम्ही फोल्डर कॉपी करून दुसऱ्या पेनड्राईव्हवर टाकले. ही जुनी युक्ती आहे, कमांड पाठ नसणाऱ्यांसाठी उत्तम.

काही जण म्हणतील, सर, एवढं कशाला, बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचं, डिस्क आपोआप दिसेल. बरोबर आहे, दिसेल. डिस्क कोरी करून नवीन विंडोज टाकायची असेल तर खुशाल करा. पण आतली विंडोज जिवंत ठेवायची असेल तर हात लावू नका. ती व्हीएमडी गृहीत धरून बसवलेली असते. बंद केलं की पुन्हा आपला जुना मित्र सेव्हन-बी, आणि वर बिटलॉकर कीही मागणार. एक्सपीच्या चोरवाटेचाच हा नवा अवतार.

हे फक्त हॉस्टेलचं दुखणं आहे असं वाटत असेल तर १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष अपडेट आपल्या वेळेनुसार सकाळी पावणेदहाच्या सुमारास सुटली. सव्वा तासात ती मागे घेतली गेली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने जगभरात ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली होती. मुंबई विमानतळावर विमान कंपन्यांना चेक-इन हाताने करावं लागलं, देशात काही ठिकाणी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय तसा सोपा होता, एक फाइल खोडायची. पण त्यासाठी मशीन दुसऱ्या कशावरून तरी उठवायला हवं! मायक्रोसॉफ्टने पेनड्राईव्ह तयार करणारं एक साधन दिलं. ते पेनड्राईव्ह तयार करताना विचारायचं की यात जादा ड्रायव्हर घालायचे आहेत का? कारण काही मशीनवर, खुद्द मायक्रोसॉफ्टच्या सरफेसवरसुद्धा, त्याशिवाय कीबोर्ड चालणार नव्हता. आणि कीबोर्ड नाही तर ते ४८ अंक टाइप कशाने करणार? डिस्क शाबूत, की हातात, पण टाइप करायला दुभाषा नाही.

तेव्हा किल्ली कपाटाबाहेर काढून ठेवायची वेळ म्हणजे लॅपटॉप धडधाकट असतानाची. काम अर्ध्या तासाचं आहे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचं आणि पीएनपी-युटिल ही कमांड एक्सपोर्ट-ड्रायव्हर हा स्विच, एक चांदणी आणि फोल्डरचा पत्ता देऊन चालवायची. विंडोजबरोबर न आलेले, कंपनीने घातलेले सगळे ड्रायव्हर सुट्या फाइलींच्या रूपात त्या फोल्डरमध्ये येतात. ईएक्सई फोडायची कटकट नाही.

यातले सगळे पेनड्राईव्हमध्ये कोंबायचा मोह टाळा. बूट विम पूर्णच्या पूर्ण रॅममध्ये चढते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर तिथे घालून उपयोग शून्य आणि वजन मात्र हत्तीचं. स्टोरेज, लागलाच तर कीबोर्ड-टचपॅडचा, आणि वायफायचा, एवढं पुरे. टचपॅड सेटअपमध्ये बऱ्याचदा चालत नाही, त्याला साधा वायरचा माऊस हे उत्तर जास्त सोपं. वायफाय हवं अशासाठी की विंडोज ११ पहिल्यांदा सुरू होताना इंटरनेट मागते, आणि वायफायचा ड्रायव्हर नसेल तर तिथेच अडून बसते. अडलातच तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा काम होतं.

ड्रायव्हर पेनड्राईव्हमध्ये घालायचे दोन मार्ग. सोपा मार्ग म्हणजे पेनड्राईव्हच्या मुळाशी विन-पीई-ड्रायव्हर नावाचं फोल्डर करायचं, इंग्रजीत, सलग, आणि नावाच्या आधी व नंतर डॉलरचं चिन्ह. सेटअप सुरू होताना हे फोल्डर आपणहून धुंडाळतो.

पक्का मार्ग म्हणजे डिझम, विंडोजमध्येच असणारं साधन. बूट विम एका रिकाम्या फोल्डरवर माउंट करायची, ॲड-ड्रायव्हर सांगून फोल्डर द्यायचं, रिकर्स म्हटलं की आतले उपफोल्डरही घेतो, आणि शेवटी अनमाउंट करताना कमिट म्हणायचं. कमिटऐवजी डिसकार्ड म्हणालात तर केलेलं सगळं पाण्यात. बूट विमच्या आत दोन इमेज असतात, सेटअप चालतो दुसऱ्या क्रमांकाच्या. पहिलीत ड्रायव्हर घालून "सर, होत नाहीये" म्हणत येणारे दरवर्षी दोन तरी भेटतात. मग हेच सगळं इन्स्टॉल विमलाही करायचं. माझा पीएस-टू कीबोर्डचा किस्सा विसरू नका. पेनड्राईव्ह मीडिया क्रिएशन टूलने बनवला असेल तर इन्स्टॉल विमच्या जागी ईएसडी फाइल मिळेल, ती अशी माउंट होत नाही, म्हणून मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून आयएसओच उतरवून घ्या. आणि फॅट-३२ पेनड्राईव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. इन्स्टॉल विम त्याहून मोठी झाली तर डिझमच्याच स्प्लिट-इमेजने तिचे तुकडे करा, सेटअपला ते चालतात.

लॅपटॉपबरोबर आलेलं रिकव्हरी पार्टिशन "जागा खातं" म्हणून उडवणाऱ्यांना हात जोडून सांगतो, उडवू नका. त्यात कंपनीने तुमच्या मॉडेलचे ड्रायव्हर घातलेले असतात. विंडोज १० वरच असलेल्यांनीही हा पेनड्राईव्ह आत्ताच करावा, तिचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, आज ना उद्या विंडोज बदलावीच लागणार.

लॅबमध्ये खिडकीजवळच्या कपाटात मी एक ३२ जीबीचा पेनड्राईव्ह ठेवला आहे. त्यात मॉडेलवार फोल्डर आहेत, सध्या एकोणीस. तुमचा लॅपटॉप त्यात नसेल तर दुपारी चारनंतर कधीही घेऊन या, ड्रायव्हर काढून घेऊ. येताना लॅपटॉप कुणाच्या अकाउंटने सुरू केला होता ते घरी विचारून या, आणि ते ४८ अंक कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको, वहीत. त्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात असते.